फॉइलच्या पंखाचं टोक: घासायचं किती आणि पडायचं कसं

माझ्या डाव्या पोटरीवर ११ टाक्यांचा व्रण आहे. तो पडून झालेला नाही. दीवच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात विंग फॉइलिंगचा बोर्ड आडवा धरून मी दुसऱ्याशी गप्पा मारत उभा होतो. गुडघ्याएवढी एक लाट आली, बोर्ड गरकन फिरला आणि त्याखालच्या फॉइलच्या मागच्या पंखाचं टोक पोटरीत शिरलं. आधी दुखलंसुद्धा नाही. पाणी लाल दिसलं तेव्हा कळलं. बडोद्याला परतल्यावर ते टोक व्हर्नियरमध्ये धरून मोजलं, तर जाडी ०.४ मिलिमीटर. दाढीची चार पाती एकावर एक ठेवली की तेवढी होते.

तेव्हापासून आमच्या गटातल्या प्रत्येकाचं नवं फॉइल पाण्यात जाण्याआधी माझ्या टेबलावर येतं. बडोद्यात हा खेळ खेळणारे बोटांवर मोजण्याइतके, पण दर हिवाळ्यात एखाद-दुसरा नवा येतो आणि तेच प्रश्न विचारतो. टोक घासलं तर फॉइल बिघडेल का? किती घासायचं? आणि घासूनही पडलो तर? एकदाच सगळं लिहून ठेवतो.

नवख्यांसाठी ओळख दोन ओळींत. बोर्डाखाली ७५ ते ८५ सेंटिमीटरचा उभा मास्ट असतो, त्याच्या तळाला आडवा दांडा, म्हणजे फ्यूजलाज. फ्यूजलाजच्या पुढच्या टोकाला मोठा पंख आणि मागच्या टोकाला छोटा, ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात. हातात धरायची ती हवा भरलेली विंग; ती वाऱ्यावर आपल्याला ओढते आणि वेग आला की पाण्यातले पंख बोर्डाला वर उचलतात. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे गोंधळ उडतो. आपण वरची ती विंग आणि पाण्यातला तो पंख म्हणू या, आपल्या भाषेत ही सोय आहेच.

टोकापाशी काय चालतं

पंख पाण्यातून पुढे सरकतो तेव्हा त्याच्या खाली दाब जास्त आणि वर कमी असतो. या फरकामुळेच आपण वर उचलले जातो. पण खालचं पाणी गप्प बसत नाही, ते वरच्या कमी दाबाकडे पळायला वाट शोधतं आणि ती वाट त्याला फक्त टोकाला मिळते. तिथून वळून वर जाताना भोवरा तयार होतो. तो फिरवायला लागणारी ताकद वाऱ्याकडून, म्हणजे शेवटी आपल्या दंडातून येते. लुडविग प्रांड्टल यांनी १९१८-१९ मध्ये हे गणितात बसवलं. भोवऱ्याची ही ओढ पंखाच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे लांबी जरा वाढली तरी ओढ बरीच कमी होते. म्हणून कंपन्या पंख लांब, निमुळते आणि टोकाला कागदासारखे पातळ करत चालल्या आहेत.

आता आकडे. स्वार सामानासकट ८५ किलोचा, पुढच्या पंखाची लांबी ९५ सेंटिमीटर, क्षेत्रफळ १५०० चौरस सेंटिमीटर. असा पंख साधारण ताशी १३ किलोमीटरला आपल्याला पाण्यातून उचलू लागतो. घडण बरी आहे असं धरून हिशेब केला, तर ताशी १४-१५ किलोमीटरला भोवऱ्याची ओढ साडेतीन किलो वजनाएवढी येते आणि ताशी २२ ला दीड किलोच्या आत. वेग वाढला की ही ओढ घटते, हे अनेकांना उलटं वाटतं, पण तसंच आहे.

आणि आता ज्यासाठी हा खटाटोप केला तो आकडा. दोन्ही टोकांकडून १-१ सेंटिमीटर कापून पंख ९५ चा ९३ केला, तर ही ओढ सव्वाचार टक्क्यांनी वाढते. म्हणजे हळू वेगात दीडशे ग्रॅम, लिलो चिवड्याचं एक छोटं पाकीट. वेगात साठ ग्रॅम. क्षेत्रफळ तर अर्ध्या टक्क्याने कमी होतं. शर्यतीत उतरणाऱ्याला हे टोचेल. दीवला वर्षातून चार वेळा जाणाऱ्या तुम्हाआम्हाला कळणारसुद्धा नाही. पातळ टोकाची किंमत मात्र पोटरी मोजते.

पाती कापतात कशी, हे बडोदेकराला वेगळं सांगायला नको. उत्तरायणाला, संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, स्कूटरवरून जाताना आपण गळ्याला मफलर का गुंडाळतो? दोरा जड नसतो, तो बारीक असतो. तेवढाच जोर निम्म्या रुंदीवर पडला की दाब दुप्पट. ०.४ मिलिमीटरची कड २ मिलिमीटर केली की त्याच धक्क्याचा दाब पाचपटीने उतरतो. सुजेल, काळंनिळं होईल. टाके पडण्याची शक्यता मात्र खूप कमी.

आधी मोजा, मग हात लावा

पंख बोर्डापासून सोडवा आणि जुन्या चादरीवर ठेवा. पुढच्या पंखाची दोन टोकं, मागच्याची दोन, दोघांच्या मागच्या कडा मध्यावर आणि टोकाजवळ, शिवाय मास्टची मागची कड, एवढ्या जागांची जाडी मोजून कागदावर लिहा. व्हर्नियर नसेल तर पिकलेला टोमॅटो घ्या आणि हलक्या हाताने कडेवरून ओढा. साल फाटली तर ती कड तुमच्या पायालाही सोडणार नाही. माझ्या मुलीला ही चाचणी फार आवडते. नंतरच्या कोशिंबिरीत मात्र तो टोमॅटो घालू नका, त्यात फायबरचे कण असू शकतात.

मग रुपयाच्या नाण्याने टोकापासून मध्याकडे टकटक करत जा. टणक, कोरडा आवाज म्हणजे आत भरीव कार्बन किंवा काचफायबर. आवाज जिथे पोकळ, बोदा होतो तिथून आत फोम आहे. फोमपर्यंत घासायचं नाही, कारण तो उघडा पडला की पाणी पितो आणि पंख आतून सडतो. बहुतेक पंखांची शेवटची काही बोटं भरीव असतात, तेवढ्यातच आपलं काम. टोकाला चीर दिसत असेल तर घासू नका. तो पंख आधी दुरुस्तीला जाऊ दे. घासल्यावर कंपनीची हमी गेली असंच समजा.

कुठला आकार घ्यावा

नवा पंख घेणार असाल तर टोकाकडे तीन प्रश्न घेऊन बघा.

पहिला, टोक खाली वाकलेलं आहे, सरळ आहे की वर वळलेलं? वळण घेताना पंख तिरका होतो आणि बाहेरचं टोक पृष्ठभागाकडे चढतं. ते बाहेर आलं की वरच्या कमी दाबाच्या भागात हवा शिरते, उचल एकदम नाहीशी होते आणि बोर्ड खड्ड्यात गेल्यासारखा बसतो. शिकणाऱ्यांचे बरेचसे ‘मला कळलंच नाही काय झालं’ प्रकार हेच असतात. ९५ सेंटिमीटरचा सरळ पंख ३० अंशांनी कलला की वरचं टोक मध्यापेक्षा २४ सेंटिमीटर वर येतं. म्हणजे पंखाचा मध्य निदान २४ सेंटिमीटर खोल हवा. दुसऱ्या बाजूने, बोर्ड ७० सेंटिमीटर रुंद आणि मास्ट ७५ चा असेल, तर मध्य ४७ च्या खाली गेला की बोर्डाची आतली कड पाण्याला टेकते. तुम्हाला मोकळीक मिळते ती या दोहोंमधली, सुमारे २४ सेंटिमीटर. आता मास्ट ६० चा करा. तीच मोकळीक ११ सेंटिमीटरवर येते.

हे मी मुद्दाम मांडतोय, कारण ‘नवख्याने छोटा मास्ट घ्यावा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. पडण्याची उंची कमी होते, म्हणून तो बरोबरच आहे. पण छोट्या मास्टवर लांब पंख लावून कोणी जोरात वळायला गेला, तर टोक बाहेर येणारच. छोटा मास्ट असेपर्यंत वळणं १५-२० अंशांच्या आत, पसरट घ्यायची. रस्त्यावर लुना वळवता तशी.

टोक ४ सेंटिमीटर खाली झुकलेलं असेल तर याच गणितात साडेतीन सेंटिमीटर मोकळीक वाढते. म्हणून माझी पसंती खाली झुकलेल्या टोकाला. वर वळलेल्या टोकाला, ज्याला विंगलेट म्हणतात, माझा नकार आहे. विमानांवर ते शोभतं. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १८९७ मध्येच टोकाला उभी पट्टी लावायची कल्पना पेटंट केली होती आणि रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९७० च्या दशकात नासात तिला आजचं रूप दिलं. पण विमानाला विमानतळावर उभं राहायला जागा मोजून मिळते, पंख हवा तेवढा लांबवता येत नाही, म्हणून टोक वर वळवायचं. पाण्यात तशी अडचण नाही. लांबी हवी तर लांब पंख घ्या. वर वळलेलं टोक वळणात लवकर बाहेर येतं आणि वरून पडणाऱ्या माणसाकडे टोचणी रोखून उभं असतं. झुकलेलं टोकही बोर्ड उलटला की आकाशाकडे बघतं, ते मान्य. सगळ्या स्थितींत निरुपद्रवी असा आकार नाही, म्हणून कुठलाही घेतलात तरी बोथट करायचाच.

दुसरा, वरून पाहताना टोक अणकुचीदार आहे की गोलसर? गोलसर घ्या. मागे झुकलेल्या टोकावरून शेवाळ आणि प्लॅस्टिक घसरून जातं, हा फायदा खरा आहे, पण झुकाव हवा म्हणून अणी हवीच असं नाही.

तिसरा, टोक जरासं खाली पीळ दिलेलं आहे का, म्हणजे त्याची पुढची कड मध्यापेक्षा थोडी कमी उचललेली? टोकाची रुंदी मध्याच्या पाचव्या हिश्शाएवढी असते आणि इतक्या अरुंद भागावरून प्रवाह लवकर सुटतो. पीळ असेल तर टोकावर भार कमी येतो आणि हळू वेगात पंख एका बाजूला दगा देत नाही.

घासण्याचं काम

माझ्या ओळखीची मकरपुऱ्यात एफआरपीच्या, म्हणजे काचफायबरच्या, टाक्या बनवणारी शेड आहे. पहिल्यांदा पंख घेऊन गेलो तेव्हा तिथल्या काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “हे कमी झालं तर चालेल, पण दोन्हीकडून सारखं कमी होऊ द्या.” सगळ्या कामाचं सार तेच आहे.

लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या. त्यावर पंखाच्या एका टोकाचा आकार पेन्सिलीने उमटवा आणि दहा रुपयांचं नाणं ठेवून टोकाची नवी गोलाई आखा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा मिलिमीटरची गोलाई मिळते, आणि पायाला ती पुरेशी सौम्य लागते. पुठ्ठा कापून साचा करा आणि तोच उलटा करून दुसऱ्या टोकाला वापरा. दोन्हीकडे वेगवेगळं आखू नका, डोळा फसवतो.

टोकापासून चार बोटं सोडून मास्किंग टेप लावा, म्हणजे हात घसरला तरी पंखाची पाठ ओरखडत नाही. एन-९५ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट असतेच, शिवाय ती वीज वाहून नेते, म्हणून उघड्या मोटारीजवळ किंवा स्विचबोर्डाखाली हे काम नको. काचफायबर असेल तर दोन दिवस खाज सुटते. आंघोळ गार पाण्याने करा.

साचा टेकवून बारीक कानशीने आकार काढा, कानस कडेकडून आत, एकाच दिशेने. उलट ओढली की थर सुटतात. मग लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळा आणि पाणी शिंपडत १२०, २४०, ४०० असे नंबर चढवत जा. ग्राइंडर वापरू नका. पाच मिनिटांचं काम दहा सेकंदांत होतं आणि त्याच दहा सेकंदांत बिघडतंही.

१ सेंटिमीटर आत आलात की टोकाची जाडी आपोआप वाढलेली मिळते. ती ३ मिलिमीटर झाली की थांबा आणि कड सगळ्या बाजूंनी गोल करा. तेवढी भरत नसेल तर आणखी कापत बसू नका. इपॉक्सीत बारीक काचतंतू कालवून कडेवर त्याची वळकटी चढवा आणि वाळल्यावर तिला आकार द्या.

मागच्या कडेचं तंत्र वेगळं आहे आणि इथेच बहुतेक जण चुकतात. टोक गोल करायचं, म्हणून मागची कडही गोल करतात. मग फॉइल गायला लागतं. कडेवरून पाणी सुटताना आलटून-पालटून छोटे भोवरे निघतात. त्यांची वारंवारता म्हणजे वेगाला कडेच्या जाडीने भागून आलेल्या आकड्याचा साधारण पाचवा हिस्सा. सेकंदाला ६ मीटर वेग आणि १ मिलिमीटर कड असेल तर सेकंदाला १२०० कंपनं, चांगली कानात घुसणारी शिट्टी. उपाय सोपा आहे. कडेची जाडी १ ते दीड मिलिमीटर ठेवा, ती चौकोनी कापलेली असू दे आणि एकाच बाजूने साधारण ४५ अंशांचा उतार द्या. वरचा आणि खालचा भोवरा मग एका तालात सुटत नाही आणि आवाज जातो. कोपऱ्यांवरची धार फक्त ६०० नंबरच्या पेपरने मोडा.

पुढच्या कडेला हात लावू नका. तिथे गोलाई मुद्दाम ठेवलेली असते आणि ती बदलली की पंख हळू वेगात लवकर पाणी सोडतो. दगड लागून खड्डा पडला असेल तर तेवढा भरा.

शेवटी घासलेल्या भागावर पातळ इपॉक्सीचा हात. तंतू उघडे राहिले तर पाणी त्यांच्यातून आत चढतं. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी हे काम काढू नका. दर दहा अंशांमागे इपॉक्सीला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो आणि वाटीतच धूर निघू लागतो. सकाळी सहाला उरका, एक दिवस सुकू द्या, जोराने वापरायच्या आधी आठवडा जाऊ द्या. मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंत मोजा. फरक १ मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

आणि एक युक्ती, जी मला कुणी शिकवली नाही, टाक्यांनी शिकवली. चारही टोकांवर बोटभर भडक केशरी रंग द्या. काळा कार्बन गढूळ पाण्यात दिसत नाही, केशरी दिसतो. कंपन्या तो रंग का देत नाहीत, हे मला कोडं आहे.

घरी आणि प्रवासात कडांवर गाडीच्या दाराला लावतात ती यू-आकाराची रबर पट्टी चढवून ठेवतो. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं आणि स्क्रू सोडून ग्रीस लावणं विसरू नका. ॲल्युमिनियमचा मास्ट आणि कार्बनचा पंख खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि स्क्रू असा बसतो की मग ड्रिलच लावावी लागते.

पाणी कुठलं

बडोद्यात नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांत शिरल्या होत्या. आजव्याच्या सरोवरातही मगरी आहेत, आणि ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. सयाजीराव महाराजांनी ते त्यासाठी बांधलं, आपल्या हौसेसाठी नाही. खंभातचं आखात नकाशावर जवळ दिसतं, पण तिथे भरती-ओहोटीतला फरक भावनगरजवळ १० मीटरच्या घरात जातो. ओहोटीला कोसभर चिखल आणि भरतीला नदीसारखी धार. त्या धारेविरुद्ध कुठलीही विंग तुम्हाला परत आणणार नाही. म्हणून दीव किंवा गोवा. स्थानिक परवानगी विचारा, पोहणाऱ्यांपासून लांब राहा.

खोली निदान दीड मीटर. ७५ चा मास्ट आणि खालचं सामान धरून फॉइल ८५ सेंटिमीटरला तळ गाठतं. त्याखाली आणि भोवती तुमच्या शरीराला जागा हवी. खडक असतील तर ओहोटीला एकदा चालत जाऊन बघून या.

पाण्यात उतरताना फॉइल शरीरापासून लांब धरा. बोर्डाचं नाक लाटेकडे. आणि माझी चूक करू नका: बोर्ड आणि किनारा यांच्यामध्ये कधी उभं राहू नका. लाट बोर्डाला किनाऱ्याकडेच ढकलते. थांबायचं तर बोर्डाच्या बाजूला किंवा समुद्राकडे. गप्पा वाळूवर मारा.

अंगावर काय

हेल्मेट पाण्याच्या खेळांचं, ईएन १३८५ हा मानक छापलेलं. सायकलचं चालत नाही, त्याचा फोम एका मोठ्या धक्क्यासाठी असतो आणि कान उघडे राहतात. छातीला इम्पॅक्ट व्हेस्ट घातलंत तरी ते बरगड्या सांभाळतं, तरंगवण्याची हमी देतंच असं नाही. ५० न्यूटनचं तरंगणारं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी असतं; पोहण्यात कच्चे असाल तर निदान १०० न्यूटनचं घ्या. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर निदान या गावात तरी कुणी जॅकेटवरून थट्टा करू नये.

पायांना पूर्ण लांबीची वेटसूट किंवा जाड लेगिंग, आणि पातळ तळव्याचे बूट. गरम होतं, चालेल. बोर्डाची दोरी गुंडाळी असलेली, कमरेला, आणि एका झटक्यात सुटणारी. लांब ताणणारी दोरी बोर्डाला गोफणीसारखी परत तुमच्यावर फेकते.

पडायला शिका

दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात लहानपणी मल्लखांबाला जायचो. तिथे चढण्याआधी उतरायला शिकवायचे. फॉइलवर नेमकं उलटं होतं. लोक पहिल्याच दिवशी उडायला बघतात.

पहिला तास बोर्ड स्थिर ठेवून फक्त पडा. वीसदा. बाजूला, पाठीवर किंवा कुल्ल्यावर, सपाट आणि बोर्डापासून लांब. पाय खाली करून सरळ उडी नाही, कारण पंख नेमका तिथेच आहे. सूर मारायचा नाही. तोल गेला की बोर्ड वाचवायला वाकायचं नाही, उलट पायाने त्याला दूर ढकलायचं. हातातली विंग धरून ठेवा; ती हवेची उशी आहे, तिच्यावर पडलात तर फार तर ती फाटेल. पाण्याखाली गेल्यावर गुडघे पोटाशी, कोपरं पुढे, दोन्ही हात डोक्याभोवती. लगेच वर येऊ नका. दोन आकडे मोजा, वर येताना एक हात डोक्यावर असू द्या, आणि आधी बोर्ड कुठे आहे ते बघा, मग श्वास, मग केस मागे करा. केस आधी मागे सारायची सवय मोडायला मला एक हंगाम लागला.

वळणात टोक बाहेर यायला लागलं की पाणी शोषल्यासारखा फुर्र आवाज येतो आणि पाय किंचित हलका होतो. त्या क्षणी कल वाढवू नका. गुडघे वाकवा, पुढच्या पायावर थोडा भार द्या म्हणजे पंख खोल जाईल, आणि बोर्ड हळूहळू सरळ करा. हवा पूर्ण शिरली असेल तर काही वाचवायचं नसतं. खाली बसा आणि बोर्डाला पाण्यावर आपटू द्या. उभे राहिलात तर पुढे फेकले जाल.

लागलंच तर

पाण्याबाहेर या आणि स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा. पूर्ण दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. रक्त उसळत असेल, दाबूनही थांबत नसेल आणि जखम हातापायाला असेल, तर जखमेच्या वर चार बोटांवर, सांधा सोडून, रुंद पट्टा आवळून बांधा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. बारीक दोरी नको. १०८ लावा. जखमेत काही रुतलं असेल तर ते तिथेच राहू द्या. बोटं हलत नसतील किंवा बधिर वाटत असतील तर वरून जखम छोटी दिसली तरी मज्जातंतू आणि कंडरा तपासून घ्या. पाणी गोडं होतं की खारं, हे डॉक्टरांना सांगा, कारण त्यांतले जंतू वेगळे असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही आठवून ठेवा.

आणि पंख कार्बनचा आहे हे आवर्जून सांगा. कार्बनची कुसळं साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. टोक तुटलं असेल तर उरलेला पंख पिशवीत घालून सोबत न्या. आत किती तुकडा राहिला असेल, याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरूनच येईल.